तुझ्या शेवटच्या पॅचमधली चूक

नसीमताई, तुझ्या शेवटच्या पॅचमध्ये चूक निघाली. मीच काढली. सगळ्यांसमोर, मेलिंग लिस्टवर, तुझं दफन होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपणच तुला सांगावं म्हणून लिहायला बसलो, आणि पहिली ओळ लिहून झाल्यावर लक्षात आलं की आता तुला कुणाकडूनच कळणार नाही.

तरी सांगतो.

त्या दिवशी तुझ्या अब्बांनी मला फोन करून दापोडीला बोलावलं होतं. तुमच्या घरात पाहुण्यांची ये-जा कमी झाली होती. अब्बा बाहेरच्या खोलीत एकटेच बसले होते. म्हणाले, "बालाजी, तिच्या कामावरची लोकं तिच्याबद्दल काहीतरी लिहितायत म्हणे. सगळं इंग्लिशमध्ये आहे. मला मराठीत वाचून दाखव."

मी लॅपटॉप उघडला. त्याआधी त्यांनी विचारलं, "नक्की काय करायची रे ती? मी लोकांना सांगायचो कॉम्प्युटरमध्ये आहे. पुढं कुणी विचारलं की गप्प बसायचो."

मी सांगितलं, कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीचा एक गाभा असतो. जगभरातली माणसं मिळून तो लिहितात. त्यात नेटवर्कच्या कार्डाशी बोलणारा एक भाग असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. एका कार्डाचा ड्रायव्हर नसीमताई सांभाळायची. त्यात कुणाला काही बदलायचं असेल तर तो बदल, म्हणजे पॅच, लिहून एका सामाईक मेलिंग लिस्टवर सगळ्यांना मेलने पाठवायचा. ती वाचायची, तपासायची, आणि ती हो म्हणाली तरच तो पुढं जायचा.

"म्हणजे चुका काढायची."

"हो."

"घरी पण तेच करायची," अब्बा म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

मग मी वाचत गेलो. फिनलंडच्या एकाने लिहिलं होतं की तिने माझा पॅच चार वेळा परत पाठवला आणि पाचव्या वेळी मला कळलं की मी इंजिनियर झालो. ब्राझीलच्या एका मुलीने लिहिलं होतं की तिच्या शेऱ्यांची मला भीती वाटायची आणि आता त्यांच्याशिवाय काम करायची भीती वाटते. मी मराठीत सांगायचो, घरामागून रेल्वे गेली की थांबायचो, आवाज गेला की पुढं वाचायचो. अब्बा प्रत्येक नावाला मान हलवत होते, जणू ती माणसं दारातून आत येत होती.

शेवटी वरच्या मेंटेनरची मेल आली. सगळ्या नेटवर्क ड्रायव्हरांवर देखरेख ठेवणारा हा गृहस्थ. त्याने लिहिलं होतं की नसीमचा एक पॅच अजून थांबलेला आहे, तो तिच्या आठवणीत येत्या आवृत्तीत घेऊ या. फक्त कुणीतरी तपासल्याची ओळ हवी. बालाजीने तिच्याबरोबर सगळ्यात जास्त काम केलंय, तो देईल का?

अब्बांनी माझा हात धरला. "म्हणजे तिचं शेवटचं काम लागणार. आणि त्यावर सही तुझी."

"हो, अब्बा," मी म्हणालो.

ताई, तो पॅच मी त्याच दिवशी सकाळी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला होता. चूक मला दिसलेली होती. आणि तरीही मी हो म्हणालो.

तुला आठवतंय का, माझा पहिला पॅच? मी लातूरहून येऊन चिंचवडच्या आपल्या कंपनीत लागलो त्याला महिना झाला नसेल. चाकणच्या कारखान्यांसाठी आपण ती नेटवर्कची लहान पेटी बनवायचो आणि तिच्यात तुझ्या ड्रायव्हरचं कार्ड असायचं. कार्ड बंद करताना वेळ लागतो म्हणून मी काही ओळी हलवल्या आणि मोठ्या ऐटीत पॅच लिस्टवर पाठवला. तुझं उत्तर माझ्या पॅचपेक्षा लांब होतं. जगासमोर! माझे कान तापले. आपण एकाच मजल्यावर बसायचो, तुझं टेबल माझ्या टेबलापासून हाकेच्या अंतरावर होतं. मी तुझ्याकडं आलो आणि म्हणालो, "मॅडम, तुम्ही मला इथंच सांगायचं ना. मी हे बदललाव असं तुम्हाला कालच बोललो होतो."

तू आधी माझ्या लातूरच्या 'बदललाव'वर हसलीस. मग म्हणालीस, "चूक लिस्टवर केलीस, उत्तर लिस्टवर. उद्या ओसाकाचा कुणीतरी हीच चूक करणार आहे. तो तुझ्या टेबलाशी येणार आहे का?"

मला काही पटलं नाही. माझा बदल चालत होता. मी चालवून बघितला होता.

तू वाद घातला नाहीस. दुसऱ्या दिवशी मला गाडीत घातलंस आणि निघोज्याला नेलंस. तिथल्या एका कारखान्यात आपली पेटी लाईनवरच्या पडद्यांना जोडलेली होती. तू जेवणाच्या सुट्टीची परवानगी काढली होतीस. माझा बदललेला ड्रायव्हर पेटीत चढवलास आणि म्हणालीस, "माहिती चालू आहे. आता कार्ड बंद कर."

मी केलं. पेटी जागच्या जागी गोठली. लाईनवरचे सगळे पडदे काळे झाले आणि परत आलेच नाहीत. सुट्टी संपली, माणसं हात पुसत परत आली आणि काळ्या पडद्यांसमोर उभी राहिली. तिथला सुपरवायझर निघोज्याचाच होता, पांढऱ्या मिशांचा. तो धावत आला. "ओ मॅडम, हे काय केलं? आमची शिफ्ट हाय. आमाला हिशोब द्यावा लागतो, असं न्हाई जमायचं!"

"आमचं चुकलं," तू म्हणालीस. "पंधरा मिनिटांत करून देते." माझ्याकडं बोटसुद्धा दाखवलं नाहीस. मला वाटत होतं, जमीन दुभंगावी.

येताना तळवड्याच्या चौकात ट्रकांच्या रांगेत आपण अडकलो होतो. तिथं तू समजावलंस. "कार्ड आंधळं असतं रे. त्याला मेमरीतली जी जागा लिहायला दिली असेल तिथं ते लिहीत राहतं. तू जागा आधी काढून घेतलीस, कार्ड नंतर थांबवलंस. मधल्या क्षणात ते दुसऱ्याच्याच जागेवर लिहून मोकळं झालं. आधी त्याला थांबवायचं, मग जागा काढून घ्यायची. नेहमी."

मी म्हणालो, "हो, मॅडम. तुम्ही बरोबर होता."

"आणि मला हे तुम्ही-बिम्ही नको. तोंडावर तुम्ही म्हणतोस आणि मनात शिव्या घालतोस. त्यापेक्षा तू म्हण आणि तोंडावर घाल."

त्या दिवसापासून तू नसीमताई झालीस, आणि मी तोंडावर भांडायला शिकलो. किती भांडलो आपण! तुझ्या शेऱ्यांच्या भाषेवरून तर कायमच. मी म्हणायचो, जरा गोड लिही, नवी माणसं पळून जातात. तू म्हणायचीस, लांबलचक गोड लिहिण्यात मूळ मुद्दाच हरवतो, आणि माणूस खूश होऊन तीच चूक परत करतो. मी म्हणायचो, तुला काय माहीत, जे पळाले ते तुला सांगायला आले होते का? त्यावर तू एकदा वाद सोडलास. "हे खरं आहे," म्हणालीस, "यावर मी विचार करीन." तो विचार कुठवर आला होता, हे आता कळायला मार्ग नाही.

हळूहळू तू मला तुझे पॅच तपासायला द्यायला लागलीस. पहिल्यांदा तुझ्या कोडात चूक सापडली तेव्हा मी ती लिस्टवर लिहू की तुला येऊन सांगू, अशा घोळात अर्धा दिवस घालवला. शेवटी लिस्टवर लिहिली. तू चहा घेऊन माझ्या टेबलाशी आलीस आणि तासभर भांडलीस की ही चूक नाहीच. मग गेलीस, आणि लिस्टवर एका ओळीचं उत्तर टाकलंस: "बालाजी बरोबर आहे. माझं चुकलं." ती ओळ मी घरी आईला फोनवर वाचून दाखवली होती. आईला काही कळलं नाही, पण तिला आनंद झाला.

आणि मग तू आजारी पडलीस.

इथून पुढचं लिहिताना मला मान वर करता येत नाही.

दवाखान्यातसुद्धा तू काम सोडलं नाहीस. कार्ड अडकलं तर पेटी बंद-चालू करावी लागायची, त्यात लाईन थांबायची. तुला ते टाळायचं होतं. कार्ड आपलं आपण सावरून परत चालू होईल, असा पॅच तू लिहीत होतीस. मी दुपारी भेटायला आलो तेव्हा डाव्या हाताला सलाईन होतं, जेवणाच्या सरकत्या टेबलावर लॅपटॉप होता आणि तू उजव्या हाताने एकेक अक्षर टाईप करत होतीस. डोक्याला आकाशी रुमाल. चेहरा इतका उतरलेला की मी आधी खिडकीकडंच बघितलं.

"पाठवलाय बघ लिस्टवर," तू म्हणालीस. "वाचलास?"

"वाचायचं काय त्यात? तुझा कोड आहे. मी तपासल्याची ओळ टाकून देतो."

तू माझ्याकडं बघितलंस. "असं आधी कधी म्हणाला नाहीस."

"आराम कर ना ताई. ते कुठं पळून जातंय?"

तू लॅपटॉप मिटलास. आवाज चढला नव्हता तुझा, तेवढी ताकदच नव्हती. "मी मेलेय का, बालाजी?"

"काय बोलतेस!"

"जिवंत माणसाचा कोड तपासतात. मेलेल्याला हार घालतात. तू न वाचता ओळ टाकणार, म्हणजे तू ठरवूनच टाकलंयस. निदान ती ओळ तरी टाकू नकोस."

मोसंबी सोलत बसलो. फोडी बशीत मांडल्या. तू एकही खाल्ली नाहीस. जाताना म्हणालो, "वाचतो, नक्की वाचतो." घरी येऊन पॅच उघडला, आणि पहिल्याच पानावर एक लहानसं चुकलेलं स्पेलिंग दिसलं. तुझ्याकडून स्पेलिंग कधी चुकायचं नाही. पुढं अजून काही सापडलं तर ते तुला सांगावं लागेल, त्या चेहऱ्याला सांगावं लागेल, हे मला झेपलं नाही. मी पान बंद केलं. त्याला मी तेव्हा प्रेम म्हणालो.

त्यानंतर आपण फोनवर बोललो. तू क्रिकेटबद्दल बोललीस, ऑफिसातल्या नव्या कॉफीच्या मशीनबद्दल विचारलंस. पॅचबद्दल पुन्हा कधीच विचारलं नाहीस. हेच मला जास्त लागतं. तू माझ्याकडून अपेक्षा ठेवायची सोडून दिलीस.

तर चूक काय होती ते सांगतो. कार्ड सावरायचं काम मध्येच फसलं, मेमरी मिळाली नाही, तर आवराआवर करणारा जो भाग आहे ना, तिथं दोन ओळी वरखाली झाल्या होत्या. जागा आधी सोडली होती, कार्ड नंतर थांबवलं होतं. तूच मला निघोज्याला नेऊन दाखवलेली चूक. मी ती बघितली आणि आधी मला वाटलं, मीच चुकीचं वाचतोय.

दापोडीहून मी ऑफिसला गेलो. पेटी टेबलावर लावली, तुझा पॅच चढवला. मेमरी मुद्दाम मिळू द्यायची नाही, अशी सोय केली. बटण दाबायच्या आधी मी मनात म्हणत होतो, काही होऊ नये. तिने काहीतरी विचार केला असेल, जो मला कळलेला नाही. ती बरोबर असेल, मी मूर्ख असेन. इतक्या मनापासून मी मूर्ख ठरावं असं मला कधी वाटलं नव्हतं.

पेटी गोठली. परत केलं. परत गोठली.

शेजारच्या टेबलावरचा प्रशांत बघत होता. म्हणाला, "भावा, दोनच ओळी आहेत. गुपचूप वरखाली कर, तपासल्याची ओळ टाक, विषय संपला. तिचं नाव पण चांगलं राहील."

मी तसं करूनही बघितलं. ओळी बदलल्या, मेल तयार केली. पण पाठवायच्या वेळी मला सलाईनचा तो हात दिसला. तुझ्या चुका आता धरायच्या नाहीत, त्या झाकायच्या, हे मी दवाखान्यात एकदा केलं होतं. तेच मी आता दुसऱ्यांदा करत होतो.

मग खरी मेल लिहिली. सुरुवातीला तीन वाक्यं तुझ्या मोठेपणाची लिहिली होती. ती खोडली. तुझ्याच पद्धतीने लिहिलं: अमुक ओळ, इथं जागा आधी सुटते, कार्ड नंतर थांबतं, असं केल्यावर पेटी गोठते, हा पॅच असा घेऊ नये. पाठवली आणि लगेच जिन्याने खाली उतरून कंपनीच्या गेटबाहेर जाऊन उभा राहिलो, कुणीतरी मला तिथून हाकलून द्यावं तसा.

उत्तरं आली. एकाने लिहिलं, हे या आठवड्यात सगळ्यांसमोर सांगणं गरजेचं होतं का? दुसऱ्याने लिहिलं, खाजगीत सांगता आलं असतं. वरचा मेंटेनर गप्प होता. मला त्या सगळ्यांचं पटत होतं.

अब्बांना सांगायला मात्र जावंच लागणार होतं. त्यांनी दार उघडल्या उघडल्या विचारलं, "लागलं का तिचं काम?"

"नाही, अब्बा. मी थांबवलं. त्यात चूक होती."

ते बसले. बराच वेळ चष्मा पुसत होते. "आता ती उत्तर द्यायला नाही," ते म्हणाले.

"हो."

"तुला शिकवलं तिनं. घरी येऊन तुझं कौतुक करायची. आणि तू सगळ्या दुनियेसमोर..." ते उठून आतल्या खोलीत गेले. मी थांबलो. ते बाहेर आले नाहीत. मी दार ओढून घेतलं आणि निघालो. स्टेशनवर बसून राहिलो. लोणावळ्याकडची एक गाडी आली आणि गेली, मला चढायचं सुचलं नाही.

मेंटेनरचं उत्तर नंतर आलं. दोन ओळींचं. "मी स्वतः करून बघितलं. तुझं बरोबर आहे. दुरुस्त करून पाठव, लेखक म्हणून नाव तिचंच ठेव." मी बरोबर होतो, ताई, आणि बरोबर असण्याची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. तुझ्याशी भांडून बरोबर ठरणं वेगळं होतं. तू तासभर चहा थंड करत माझ्याशी झुंजायचीस, मग माझं बरोबर ठरायचं. या वेळी समोर कुणीच नव्हतं.

मी दोन ओळी बदलल्या. वर तुझं नाव ठेवलं. खाली कंसात लिहिलं की आवराआवरीचा क्रम चुकला होता, तो बालाजीने चाचणी करून बदलला. झाकलं काही नाही. पॅच घेतला गेला.

काल अब्बांचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाले.

गेलो. त्यांनी लॅपटॉप समोर ठेवायला लावला. "तिचं नाव कुठंय?"

मी दाखवलं. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येतात. त्यांनी बोट ठेवून तुझं नाव वाचलं.

"आणि चूक? ती पण लिहिलीयस?"

"हो."

"वाच."

मी मराठीत सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "तिला राग आला असता."

"आला असता. पण चूक दाखवल्याचा नाही. मी आधी का वाचलं नाही, याचा आला असता." आणि मग दवाखान्यातलं सगळं मी त्यांना सांगून टाकलं. तू काय म्हणालीस, मी काय म्हणालो, मोसंबी, सगळं. वाटलं, आता हे मला उठून जायला सांगतील.

अब्बा खाली बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "मधे एकदा दवाखान्यातून घरी सोडलं होतं ना तिला. त्या दिवशी हट्टानं तिनं खिचडी केली. उभं राहवत नव्हतं, तरी केली. मीठ टाकायला विसरली होती. मी म्हणालो, फार छान झालीय. दुसऱ्यांदा वाढून घेतली."

"मग?"

"तिनं एक घास खाल्ला. माझ्याकडं बघितलं. जन्मभर माझ्याशी मिठावरून भांडलेली पोरगी ती." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "भिंतीला धरत धरत आत गेली, मिठाची बरणी आणली, आणि माझ्या ताटात मीठ वाढलं. मग स्वतःच्या."

मागून गाडी जात होती. ती जाईपर्यंत अब्बा थांबले, मग म्हणाले, "ती चूक परत एकदा वाच."